हातभर अंतर

फोनवरच्या मुलीने विचारलं, "घर में कोई गर्भवती है?"

मी म्हटलं, आहे. नातसून आहे, पाचवा चालू आहे. पण तिने ह्यांना एकदासुद्धा शिवलेलं नाही. ह्यांचं ताट वेगळं, पेला वेगळा, अंथरूण-पांघरूण वेगळं, कपडे भिजवायची बादलीसुद्धा वेगळी. हे मी जरा तोऱ्यातच सांगितलं. दिल्लीच्या दवाखान्यातल्या पोरीला कळू दे, झाशीतली म्हातारी माणसं अडाणी नसतात.

"छूने से कुछ नहीं होता, माताजी," ती म्हणाली. "वो बैठती कितनी दूर हैं?"

फोन माझ्या डाव्या हातात होता. मी उजवा हात पुढे केला आणि कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत बघितला. ह्यांच्या खाटेची कड आणि तिच्या खाटेची कड, दोन्हींच्या मध्ये जागा होती ती एवढीच. हातभर. मध्ये एका जुन्या धोतराचा पडदा.

मी ते सांगितलं. मग तिने विचारलं, रोज किती वेळ?

"दो घंटे," मी म्हटलं.

ते खोटं होतं. नातसून सकाळी अकराला त्या खोलीत यायची आणि उन्हं उतरल्यावर पाचला उठायची. असे दहा दिवस झाले होते.

मुलगी म्हणाली, त्यांना आत्ता, याच मिनिटाला त्या खोलीतून बाहेर काढा. मोठ्या साहेबांना विचारून संध्याकाळी फोन करते. मी फोन ठेवला आणि उंबऱ्यात उभी राहिले. पडद्याच्या अलीकडे हे झोपले होते. पलीकडे ती, कूलरकडे तोंड करून, पोटावर हात ठेवून. तिचं आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. त्यानंतर दीड वर्षाने हे राहिलं होतं.

ती खाट तिथे मी घातली होती.

हे सगळं सुरू झालं ते ह्यांच्या लघवीपासून. ह्यांना तेव्हा चौऱ्याहत्तरावं होतं. न्हाणीघरात गेले की बाहेर यायला वेळ लावायचे. मला वाटलं, सोडलेली तंबाखू परत सुरू झाली. मी कोट तपासला, उशी तपासली, पुस्तकांच्या मागे हात घालून बघितला. काही सापडलं नाही, म्हणून संशय आणखी वाढला. शेवटी एक दिवस दाराला कान लावला. आत थेंब थेंब आवाज येत होता आणि हे कण्हत होते. वर्षभर लपवलं होतं. माणूस जन्मभर कचेरीत फायली सांभाळत आला, त्याला कुठला कागद कुठे दडवायचा ते बरोबर कळतं.

मग तपासण्या झाल्या आणि कॅन्सर निघाला. पुरुषाच्या लघवीच्या वाटेवर अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, तिच्यात. नातू आमच्याच घरात, झाशीच्या नगरा भागात राहतो, रेल्वेत आहे. त्याचे आईबाप, म्हणजे माझा मुलगा आणि सून, नोकरीमुळे भोपाळला असतात. नातूच आम्हाला दिल्लीला घेऊन गेला.

दिल्लीचा डॉक्टर मऊ बोलायचा. मऊ बोलणाऱ्याचे मी आधी हात बघते, मग तोंड. हात स्वच्छ होते. त्याने सांगितलं, आजार अजून ग्रंथीच्या बाहेर गेलेला नाही. कापून काढता येईल, किंवा बाहेरून किरणं देता येतील, त्याला कित्येक आठवडे जातील. किंवा किरणांचे बारीक दाणे सुयांनी आत बसवता येतील, एका दिवसात. ह्यांच्यासाठी त्याला दाणे बरे वाटत होते.

मी विचारलं, जे काम तिकडे कित्येक आठवड्यांचं, ते इकडे एका दिवसात कसं? त्याने सांगितलं की दाणे आत राहून हळूहळू काम करत राहतात. मग काढतो कोण? कोणी नाही, तिथेच राहतात, काही महिन्यांत विझतात. नातवाने मला समजावलं, आजी, राखेत पुरलेला निखारा असतो ना, तसं. मी म्हटलं, निखारा राखेत पुरतात, माणसात नाही.

हे हसले. ह्यांना सही करायची घाई झाली होती. मला त्या घाईचाही संशय आला. कापायला घाबरतात म्हणून दाणे बरे वाटतायत, हे मी तोंडावर बोलले. ते म्हणाले, "घाबरतोच आहे. तू घाबरत नाहीस, कारण कापणार तुला नाहीत."

ह्यांनी सही केली.

कमरेखालचा भाग बधिर करून बहात्तर दाणे घातले. दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली आणि घरी जा म्हणाले. मी बहात्तर हा आकडा लक्षात ठेवला. घातले म्हणतात, पण आत कोण बघायला गेलंय? डॉक्टरला मी तसं विचारलं. तो रागावला नाही. महिन्याभराने फोटो काढू तेव्हा तुम्हीच मोजा, म्हणाला.

निघताना एका बाईने कागद दिले. एक कार्ड होतं, ते ह्यांनी सतत खिशात ठेवायचं होतं. बाकीची पानं सूचनांची. नातू मोठ्याने वाचून दाखवत होता. वाचता वाचता त्याचा आवाज जरा अडखळला आणि तो खालच्या ओळीवर गेला. मी अक्षरांकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"मधलं काय सोडलंस?"

"कुछ नहीं आजी, ऐसे ही."

मी पाचवीपर्यंतच शिकले, पण एवढं कळतं. मी त्याला ती ओळ वाचायला लावली. लिहिलं होतं की वर्षभरात काही बरंवाईट झालं तर दहन करण्याआधी दवाखान्याला कळवा. आत दाणे आहेत, ते अग्नीत जाता कामा नयेत.

हे म्हणाले, "म्हणजे मेल्यावरही अर्ज द्यायचा आणि उत्तराची वाट बघायची. सरकारी नोकराला साजेसं आहे."

मला हसू आलं नाही. बरा होईल म्हणून सांगतात आणि जाळायचं कसं तेही लिहून देतात. मी ते कार्ड घरी आल्यावर देवाच्या फडताळात ठेवलं. बाहेर जाताना तेवढं त्यांच्या खिशात घालायचं, आल्यावर परत काढून ठेवायचं. नातू म्हणाला, दिवसभर खिशात हवं. मी ऐकलं नाही.

दहनाची ओळ मी वाचायला लावली, पण पुढच्या ओळींचा मला कंटाळा आला. दोन महिने लहान मुलाला मांडीवर घ्यायचं नाही. काही दिवस लघवी फडक्यातून गाळून बघायची, एखादा दाणा बाहेर पडला असेल तर बोट न लावता चिमट्याने उचलून दिलेल्या शिशाच्या डबीत टाकायचा आणि फोन करायचा. गर्भवती बाईने दोन महिने लांब राहायचं. इथे मी नातवाला थांबवलं. म्हटलं, पुढचं वाचू नकोस, मला कळलं. लांब कसं राहायचं ते मला दिल्लीवाल्यांनी शिकवायला नको.

मला खरंच येत होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं.

लग्न होऊन मी आले तेव्हा सासूबाईंचं घर कडक होतं. आमची माणसं दोन-अडीचशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आली, पण सोवळं-ओवळं जसंच्या तसं बरोबर आणलं होतं. तिकडे ढिलं झालं असेल, इकडे नाही. दर महिन्याला तीन दिवस मी माजघराच्या कोपऱ्यात गोणपाटावर. ताट बाजूला, पाणी वरून ओतायचं, कपडे आपले आपण धुवायचे. चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ, की मोकळी. पण त्या तीन दिवसांत सासूबाई माझ्यापासून हातभर अंतरावर बसून तांदूळ निवडायच्या. गप्पा मारायच्या, बोलणी ऐकवायच्या, माझ्याकडून तोंडी हिशेब करून घ्यायच्या. शिवलं नाही म्हणजे झालं. हवेतून काही जात नसे. तीन दिवस हातभर अंतरावरून काही लागत नाही, हे मी पस्तीस वर्षं बघितलं होतं.

मला ते कधी आवडलं नाही. सासूबाई गेल्यावर मी घरातून काढून टाकलं. आणि आता ह्यांच्यासाठी ते सगळं बारकाईने परत बसवलं. ताट, पेला, बादली, दोरीवरची जागा. मी चहा देताना कप खाली ठेवायचे आणि मागे व्हायचे, मग ते उचलायचे. मला स्वतःला शिवायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाला होता, पण म्हटलं, घरात एक नियम असला की सगळे पाळतात.

दोन-तीन दिवस हे बघत राहिले. मग म्हणाले, "मी बाहेरचा झालो की काय?"

"समजा तसंच."

"मग माझा चौथा दिवस कधी?"

"दोन महिन्यांनी."

"तू तीन दिवसांत रडकुंडीला यायचीस," ते म्हणाले. "मी कचेरीतून आलो की तोंड फिरवून बसलेली असायचीस."

मी म्हटलं, तेव्हा कधी काही बोलला नाहीत ते. त्यावर ते लघवीला उठले. तेव्हा ते दर तासाला उठत होते. आग व्हायची, धार तुटायची, पहिले काही दिवस रक्तही होतं. बसायला सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरून नातवाने गोल उशी करून दिली होती. दाण्यांमुळे असं होणार, पहिल्या दोन महिन्यांत वाढणार, मग कमी होणार, असं सांगितलेलं होतं. पण सांगणारे काहीही झालं तरी असंच होणार होतं म्हणतात. म्हणून मी रोज फडकं उन्हात धरून रक्ताचा रंग बघायचे, कालच्यापेक्षा फिकट आहे की गडद.

नातसून सुरुवातीला पुढच्या खोलीत होती, ह्यांच्यापासून दोन भिंती पलीकडे. त्याच आठवड्यात तिची आई मऊरानीपूरहून आली. नातसून तिकडचीच, बुंदेली घरातली. आई थेट म्हणाली, मोडी को दो महीना हमाए इतै रैन दो. म्हणजे मुलीला दोन महिने आमच्याकडे राहू द्या.

मी नाही म्हटलं. बाळंतपणाला सातव्या महिन्यात पाठवायची आमच्यात रीत आहे, त्याआधी पाठवत नाहीत, असं सांगितलं. रीत तशी आहेही, पण ते कारण नव्हतं. मागच्या वेळी मूल गेलं तेव्हा हीच बाई आमच्या दारात उभी राहून म्हणाली होती की आमच्या मुलीला इथे जपत नाहीत. मला वाटलं, एकदा नेली की परत पाठवणार नाही. गावभर सांगत सुटेल की मराठ्यांच्या घरात रोग निघाला आणि मुलीला हाकललं. ती बाई चहा न पिता गेली. जाताना तिने लेकीच्या हातात एक लाल पिशवी दिली. मी नंतर उघडून बघितली. आत सत्तू आणि लिंबाचं लोणचं होतं.

मग तो उन्हाळा पेटला. झाशीचा मे महिना ज्याने काढला नाही त्याला सांगून कळणार नाही, आणि ज्याने काढला त्याला सांगायला नको. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळला. बदलून बसवला तरी वीज निम्मा दिवस यायची, निम्मा जायची. इन्व्हर्टरवर एकच कूलर चालत होता आणि तो ह्यांच्या खोलीच्या खिडकीत बसवलेला. पुढच्या खोलीत नातसुनेला चक्कर आली. उठून पाणी घ्यायला गेली आणि मटक्याशीच बसली. मी तिचं तोंड बघितलं. पांढरं पडलं होतं.

तेव्हा मी ते केलं. ह्यांची खाट भिंतीला सरकवली. जुनं धोतर दोरीवर टाकून पडदा केला. पलीकडे तिची खाट, कूलरच्या वाऱ्यात. तिला बजावलं, पडद्याला हात लावायचा नाही, ह्यांच्या कशाला शिवायचं नाही. तिने तंतोतंत पाळलं. तेवढ्याशा जागेत ती पोट सांभाळत अशी वळायची की पडदा हलायचासुद्धा नाही. मी कौतुकाने बघायचे. सासूबाई असत्या तर त्यांनाही दोष काढता आला नसता.

नातू एकदा म्हणाला, आजी, इतना पास ठीक है? त्याला मी विचारलं, तुझी बायको शिवते का त्यांना? नाही. मग? तो ड्यूटीवर गेला. त्याच्याकडे ते कागद होते. त्यालाही ते परत काढून बघावंसं वाटलं नाही.

आणि मग त्या दिवशी फडक्यात दाणा सापडला. चांदीसारखा, शहाजिऱ्याहून बारीक. एवढंसं ते, मी चष्मा पुसून दोनदा बघितलं. चिमट्याने उचलून डबीत टाकला, झाकण घट्ट केलं, फोन लावला. मला वाटत होतं, मी सगळं बरोबर केलं हे ऐकून ती मुलगी शाबासकी देईल.

नातसुनेला मी उठवलं आणि पुढच्या खोलीत नेलं. चादरी ओल्या करून खिडकीला बांधल्या. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. नातू कामावरून आला, तेव्हा त्याच्याकडून ते कागद मागून घेतले आणि स्वतः वाचले. हिंदीत होतं, मला वाचता येतं. मी ज्या ओळीवर त्याला थांबवलं होतं, तिच्याच पुढच्या ओळीत लिहिलं होतं की गर्भवती बाईने तीन फुटांपेक्षा जवळ बसू नये आणि फार वेळ एका खोलीत राहू नये. ताट-पेल्याबद्दल लिहिलं होतं की वेगळं ठेवायची गरज नाही. कपड्यांबद्दलही तेच. मी जे जे पाळलं होतं त्यातलं काही करायचं नव्हतं, आणि जे करायचं होतं तेच केलं नव्हतं.

संध्याकाळी मोठ्या साहेबांचा फोन आला. हा डॉक्टर नव्हता, किरणांचा हिशेब करणारा माणूस होता. त्याने सांगितलं, ह्या दाण्यांची किरणं कमजोर असतात, बरीचशी पेशंटच्या अंगातच अडतात. दोन तासांच्या हिशेबाने बाळाला धोका नाही. नातू देवासमोर जाऊन उभा राहिला. हे खाटेवर उठून बसले आणि डोळे पुसले. मला मात्र जेवण गेलं नाही. त्या माणसावर माझा विश्वास बसण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला आकडा मीच खोटा दिला होता.

रात्रभर मी काय विचार केला ते लिहीत नाही. सकाळी मी पुन्हा फोन लावला आणि त्याच माणसाला मागितलं. नातू समोर होता, नातसून दारात उभी होती. मी म्हटलं, "कल मैंने गलत बताया था. दो नहीं, छह घंटे. दस दिन. बीच में सिर्फ धोती का परदा."

त्याने कागदावर काहीतरी लिहिलेलं ऐकू आलं. तो रागावला नाही. ती दोघं झोपताना खाटा कशा होत्या, डोकी कुठे, पाय कुठे, सगळं विचारलं. तासाभराने परत फोन केला. तरीही धोक्याच्या मर्यादेच्या आतच आहे, म्हणाला, पण आता एक तासही नको, आणि तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगा. मी विचारलं, हे मला बरं वाटावं म्हणून सांगताय का? तो म्हणाला, "माताजी, मैं हिसाब लगाता हूँ, तसल्ली देने का काम डॉक्टर का है."

सगळ्या दिल्लीत ह्या एका माणसाचं बोलणं मला थोडं पटलं.

नातसून तेवढा वेळ दारातच होती. नातू तिला बसायला सांगत होता, ती बसली नाही. मी फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "दादी, अब पूरा बताया न?"

"पूरा."

"आपको शक था कि हम मायके गए तो लौटेंगे नहीं?"

"था," मी म्हटलं.

ती पिशवी भरायला आत गेली. नातवाने माझ्याकडे बघितलं नाही. तो पुढे महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. ते बरोबरच होतं.

दुपारी तिची आई घ्यायला आली. माझ्याशी न बोलता लेकीचं सामान उचलायला लागली. नातवाने तिला फोनवर काय सांगितलं होतं कोण जाणे. कदाचित गरमीमुळे पाठवतोय एवढंच. मला ते तसंच राहू देता आलं असतं. पण मग ती बाई डॉक्टरीणबाईला काय सांगणार? मी तिला खाली बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. म्हटलं, खटिया मैंने डाली, आपको मना भी मैंने किया.

ती ऐकत राहिली. मला वाटलं, आता दारात उभी राहून गल्लीला ऐकू जाईल असं बोलेल. तिने पदर नीट केला.

"हमने तो पैलेंई कई ती," ती म्हणाली. आम्ही तर आधीच सांगितलं होतं. एवढंच. मग लेकीला घेऊन बस पकडायला गेली. या वेळीही चहा घेतला नाही.

त्यानंतरचे महिने मी मोजून काढले. महिन्याने ह्यांना दिल्लीला फोटोसाठी नेलं. डबी नातवाच्या बॅगेत होती. गाडीत समोरच्या बाकावर एक बाई तान्हं मूल घेऊन बसली, तर मी नातवाला उठवलं आणि बॅग घेऊन दुसऱ्या टोकाला पाठवलं. ह्यांनाही उठवलं. डबीतून काही बाहेर येत नाही, तो चिडून म्हणाला. मी म्हटलं, मला असं पुष्कळ वाटत होतं, आता वाटू देत नाही. डबी दवाखान्याने ताब्यात घेतली. फोटोत ह्यांच्या ओटीपोटात पांढऱ्या बारीक रेघांचा झुबका दिसत होता, परडीत सांडलेल्या सुयांसारखा. मी डॉक्टरला त्याच्या बोलण्याची आठवण करून दिली. त्याने पेन्सिल दिली. एकावर एक आलेले मला ओळखू येईनात, तेव्हा तो स्वतः शेजारी बसून मोजू लागला. एकाहत्तर निघाले. आणि डबीतला एक.

दोन महिने पुरे झाले त्या सकाळी मी ह्यांना पाटावर बसवलं आणि डोक्याला तेल लावलं. डोक्यावरून पाणी ओतलं. ते म्हणाले, झाला का चौथा दिवस? मी म्हटलं, झाला. ताट-पेला परत सगळ्यांच्यात गेला. तोपर्यंत आग कमी झाली होती. हे दर दोन-तीन तासांनी उठायचे. रक्तातला तो आकडा, ज्याच्यावरून आजार कळतो, तो खाली यायला लागला होता. हळूहळू येतो, कधी मध्येच जरा चढतो आणि परत उतरतो, असं डॉक्टरने आधीच सांगितलं होतं. एकदा चढला तेव्हा मी कार्ड फडताळातून काढून पाहून घेतलं, दवाखान्याचा नंबर नीट वाचता येतोय ना. मग तो उतरला.

मऊरानीपूरला मी दोनदा गेले. पहिल्यांदा, सोनोग्राफी झाशीला करायची होती म्हणून तिला आणायला. तपासणारी डॉक्टरीण पडद्याकडे फार वेळ बघत होती. एकाच जागी यंत्र फिरवत राहिली. मी विचारलं, काय दिसतंय? पाठीचा कणा बघतेय, सगळं ठीक आहे, म्हणाली. ठीक आहे तर मग इतका वेळ का? बाळ पाठ फिरवून बसलंय म्हणून, ती म्हणाली. नातसून झोपल्या झोपल्या हसली. त्या दिवसानंतर ती माझ्याशी पहिल्यांदा हसली होती. मी काही हसले नाही. मला बाहेर आल्याशिवाय खरं वाटणार नव्हतं.

दसरा झाला आणि ती बाळंत झाली. मुलगी. मी, हे आणि नातू सकाळच्या बसने गेलो. हे उतरताना दोनदा थांबले, पण चालत आले. ह्यांनी बाळाला घ्यायला हात पुढे केले आणि मागे घेतले. दोन महिने कधीच संपले होते, डॉक्टरची हरकत नव्हती, तरी मागे घेतले. मी बाळ खाटेवर ठेवलं, दुपटं सोडलं आणि बघितलं. हाताची बोटं, पायाची बोटं. कान. टाळू. उलटं करून पाठ, मानेपासून खालपर्यंत बोट फिरवून. तिने तोंड वाकडं केलं आणि जोरात रडली. आवाज बरा होता.

तिची आजी, म्हणजे नातसुनेची आई, चुलीपाशी उभी राहून बघत होती.

"गिन लईं अम्मा जी?" ती म्हणाली. "पूरी हैं?"

"पूरी हैं," मी म्हटलं.

तिने चहा टाकला. आम्ही दोघींनी घेतला.

आता त्याला तीन वर्षं होतील. किरणांचा हिशेब करणारा म्हणाला होता तेच झालं, की आमचं नशीब होतं म्हणून वाचलं, मला सांगता येत नाही. मुलीला ताप आला की मला अजून तो पडदा आठवतो आणि मी डॉक्टरीणबाईला सगळं पहिल्यापासून सांगते. ती ऐकून घेते. नातू म्हणतो, आजी, आता पुरे. दहनाच्या ओळीचं ते एक वर्ष केव्हाच सरलं, पण कार्ड मी फेकलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात त्या खोलीत आम्ही चौघं होतो. पडद्याच्या अलीकडे हे, पलीकडे नातसून, तिच्या पोटात ती मुलगी, आणि उंबऱ्यात मी. चौघंही आहोत.